लहान देशाच्या सैन्यातले तयार लोकं टिकवायचे कसे? सेमिनारसाठी मदत पाहिजे

सक्करदरा_बॉय

नमस्कार मंडळी. एमए करून राहिलो, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि सरांनी विषय दिला की लहान देशांच्या सैन्यात कुशल माणसं टिकवायची कशी. पहिले वाटलं काय बे, सोपं आहे, पगार वाढवा आणि विषय खतम, पण मग पंधरा मिनिटं बोलणार काय? म्हणून वाचायला बसलो तं डोकंच फिरलं, न्यूझीलंड काय, आयर्लंड काय, पगार वाढवूनही लोकं सोडून चालले. जहाजं आहेत, विमानं आहेत, चालवणारे नाहीत.

आणि आपल्याकडे एकदम उलटं चित्र. पहाटे मानकापूर स्टेडियमकडे जाऊन पहा, भरतीसाठी पोट्टे अंधारात धावून राहिले असतात, एका जागेसाठी किती तरी. मग मला सांगा, तिकडे नेमकं बिघडलं काय? पैसे कमी पडून राहिले की अजून काही? आणि बॉन्ड काऊन नाही लिहून घेत, इतकी वर्षं सोडता येणार नाही म्हणून? गुगलवरचं नको, ते वाचलं. कोणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

ऑकलंडचा_नागपूरकर

मी मूळचा प्रतापनगरचा, आता बरीच वर्षं इकडेच आहे त्यामुळे न्यूझीलंडचं सांगू शकतो. हा देश म्हणजे किती, ५० लाखांच्या आसपास लोक, आपल्या एका नागपूर जिल्ह्याएवढाच धर. भूदल, नौदल, हवाई दल मिळून पूर्णवेळ गणवेशातली माणसं दहा हजारांच्या आतच. म्हणजे शंभर माणसं गेली तरी इथे ती बातमी असते.

कोविडमध्ये काय झालं, २०२० ते २०२२ सरकारने हॉटेलं ताब्यात घेऊन तिथे परदेशातून येणाऱ्यांना क्वारंटाइन केलं, आणि व्यवस्थेला कोण, तर सैन्य. आता विचार कर, तू रडारचं इलेक्ट्रॉनिक्स शिकलास, जहाजावर जायचं म्हणून भरती झालास, आणि तुला हॉटेलच्या लॉबीत उभं केलंय, कोण लिफ्टमधून बाहेर आला कोण आत गेला ते बघायला. काही आठवडे ठीक आहे, देशाचं काम आहे. पण हे महिनोन्महिने चाललं, मधल्या काळात सराव बुडाला, कोर्सेस बुडाले, आणि बाहेर नोकऱ्यांचा बाजार गरम. लोक गेले. २०२२ संपताना नौदलाच्या नऊपैकी तीन जहाजं धक्क्याला बांधलेली होती, बिघाड काहीच नाही, फक्त माणसं नाहीत.

हवाई दलाची गोष्ट तर अजून भारी. समुद्रावर टेहळणी करणारी ओरायन विमानं होती, सहा, १९६० च्या दशकातली. त्यांच्या जागी नवीन चार पोसायडन येणार होती. ठरलं होतं की जुनी थोडी पुढे चालवायची आणि तोपर्यंत नवीन शिकून घ्यायचं, पण तेवढे लोकच उरले नाहीत की अर्धे जुन्यावर आणि अर्धे नव्यावर लावता येतील, म्हणून ओरायन जानेवारी २०२३ लाच ठरल्याच्या आधी बंद केली. म्हणजे विमान माणसासाठी थांबलं, असं कधी ऐकलंस?

आणि शेजारी ऑस्ट्रेलिया बसलाय. तिथे त्यांचीच माणसं कमी पडतात, २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पहिली मुदत संपल्यावर अजून तीन वर्षं थांबलात तर ५० हजार डॉलर बोनस. तरी पुरेना, म्हणून जुलै २०२४ पासून तिथे कायमचे राहणाऱ्या न्यूझीलंडच्या नागरिकांनाही त्यांच्या सैन्यात यायची परवानगी दिली. भाषा तीच, ट्रेनिंग जवळपास तेच, पगार जास्त. मोठा भाऊच जर ताटातलं उचलायला लागला तर धाकट्याने करायचं काय.

सार्जंट_काका

बाळा, पगाराचं नंतर पाहू, पहिले माणूस तयार कसा होते ते समजून घे, तरच तुले कळंल की तो गेला तं काय जाते.

मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो. मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आपल्या नागपुरातच आहे हे तुले माहीत असंल, विमान दुरुस्त ठेवण्याचा सगळा कारभार त्या कमांडचा. तं विमान हवेत जायच्या आधी कागदावर सह्या लागतात. काम करणारा वेगळा आणि ते तपासून सही करणारा वेगळा. ही दुसरी सही जो करते तो माणूस महत्त्वाचा. तो कोणी मोठा साहेब नसते, दहा-बारा-पंधरा वर्षं हात काळे केलेला कॉर्पोरल नाई तं सार्जंट असते.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. इंजिनवर बोल्ट सैल पडू नये म्हणून तारेने बांधतात, लॉकिंग वायर म्हणतात. तार पिळून अशी ओढायची की तिचा ताण बोल्ट आवळायच्या दिशेनेच राहिला पाहिजे. नवा पोट्टा उलट्या अंगाने बांधते, दिसायले चकाचक, कामाले शून्य. पुस्तकात चित्र आहे, परीक्षेत सगळे पास होतात. पण इंजिनच्या मागच्या बाजूले, जिथे हात जाते पण डोळा जात नाई, तिथे छोटा आरसा अन् टॉर्च धरून पाहावं लागते, अन् आरशात सगळं उलटं दिसते! मग आरशातली तार बरोबर आहे का चूक हे डोक्यात फिरवून ठरवायचं, तेही रात्रीच्या ड्युटीले, सकाळी विमान उडायचं आहे म्हणून मागे कोणी घाई करून राहिला असते तेव्हा. हे ज्याले बसते त्याचीच सही चालते. हा माणूस तुम्ही भरती काढून आणू शकत नाई. पैसे मोजूनही नाई. तो आजपासून दहा वर्षांनीच मिळते, तेही आज भरती केली तं.

आपली वायुसेना मोठी, एका स्टेशनात माणूस कमी पडला तं दुसऱ्यातून पोस्टिंग काढतात, रडत-पडत जमते. पण सहा विमानांच्या देशात अशी सही करणारे किती असतील? समज दहा. तीन गेले, एक कोर्सले, एक आजारी. उरले पाच. त्यात नवीन पोट्ट्यांले शिकवायले मास्तर पाहिजे, तो पण याच पाचातून. मग उरलेल्या चौघांच्या रात्रपाळ्या वाढतात, सुट्टी रद्द, सणाले घरी नाई. वर्षभरात त्यातला अजून एक कागद टाकते. तो काही पैशासाठी गेला नसते, आधीचे तीन गेले म्हणून गेला असते. सरकारच्या रिपोर्टात मात्र सगळे एकाच खात्यात मोजले जातात.

हिशोबी_माणूस

काका, मानलं तुम्हाला, पण पैसा महत्त्वाचा नाही असं म्हणणारे बहुतेक पेन्शन चालू झालेलेच का असतात हो 😄

आयर्लंड घ्या. तिथे सैन्याची मंजूर संख्या ९,५०० आणि २०२३ संपताना प्रत्यक्षात साडेसात हजारांच्या आसपास. नौदलाकडे आठ जहाजं आणि २०२४ च्या सुरुवातीला गस्तीला निघू शकत होती दोन. का? नकाशा बघा, उत्तर तिथेच आहे. त्यांच्या नौदलाचा तळ हॉलबोलिन नावाच्या बेटावर, कॉर्कच्या बंदरात, आणि समोरच्या किनाऱ्यावर औषधांचे कारखाने, एकाला लागून एक. जहाजाच्या इंजिनरूममधल्या माणसाला काय येतं, तर बॉयलर, पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर, आणि मध्यरात्री काही बंद पडलं तर पॅनिक न होता चालू करणं. कारखान्याला नेमका हाच माणूस पाहिजे असतो! तो बोटीतून उतरतो, रस्ता ओलांडतो, जास्त पगार घेतो आणि रोज संध्याकाळी घरी जेवतो. याला देशप्रेमाचं भाषण देऊन थांबवणार?

सैनिकाला संप करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, म्हणून तिथे सैनिकांच्या बायका आणि जोडीदारांनी संघटना काढली आणि पगारासाठी त्या रस्त्यावर उतरल्या. घर चालत नव्हतं म्हणूनच ना? तेव्हा सक्करदरा_बॉय, पैसा स्लाइडवर पहिलाच टाक.

फक्त एक, पैसा कोणाला द्यायचा हे चुकलं की नवीन भांडण. तिथल्या एअर कॉर्प्समधून पायलट पळायला लागले म्हणून २०१९ मध्ये पायलटांसाठी योजना पुन्हा आणली, काही वर्षं थांबायचं लिहून द्या आणि वर्षाला साधारण वीस हजार युरो जास्त घ्या. पायलट थोडे थांबलेही असतील. पण त्याच हँगरमध्ये काकांसारखा जो आरसा आणि टॉर्च घेऊन बसलाय त्याला हे कळल्यावर काय वाटेल? जो जास्त ओरडतो त्याला लाडू.

सार्जंट_काका

पेन्शन आहे म्हणूनच खरं बोलता येते बाप्पा 🙂 बाकी कारखान्याचं तुमचं सोळा आणे खरं. आमच्याकडेही तेच, वीस वर्षांची पहिली एंगेजमेंट, म्हणजे नोकरीची लिहून दिलेली मुदत, संपते तेव्हा माणूस चाळिशीच्या आत-बाहेर, हातात कसब, अन् बाहेर विमानकंपन्या, बँका, सरकारी नोकऱ्या सगळे उभे. एक्स्टेन्शन घ्यायचं का डिस्चार्ज, हा हिशोब आमच्या बॅरेकमध्ये दोन वर्षं आधीपासून सुरू व्हायचा. माझं म्हणणं इतकंच की पैसा वाढवला तं बाहेर जाणारी लाइन थोडी हळू होते, पण रात्रपाळ्या तशाच राहिल्या तं थांबत नाई.

त्रिमूर्तीनगर_ताई

या धाग्यावर सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. आमचे हे फौजेत आहेत, अजून नोकरीत, त्यामुळे जास्त खोलात जात नाही. पण नोकरी सोडायचा निर्णय हँगरमध्ये होत नाही हो, तो स्वयंपाकघरात होतो.

दर पोस्टिंगला माझी नोकरी सुटते. मी शिकवते, प्रत्येक नव्या गावात पुन्हा तात्पुरती शिक्षिका म्हणून तळापासून सुरुवात, अनुभवाचं पत्र आहे पण सिनिऑरिटी शून्य. मुलगी नववीत आली की प्रश्न वेगळाच होतो, दहावी कुठे करायची, इथे का तिथे, की मी आणि मुलं एकीकडे आणि हे दुसरीकडे. केव्ही (केंद्रीय विद्यालय) असतं म्हणून तेवढं बरं. सासूबाईंची तब्येत, गावाकडचं घर, हे कुठल्या रिपोर्टमध्ये येतं का? माणूस निघतो तेव्हा फॉर्मवर लिहितो "कौटुंबिक कारण" आणि वाचणाऱ्याला वाटतं घरी काहीतरी भांडण असेल.

लहान देशात बरं असेल असं वाटायचं मला, देशच छोटा, बदली होऊन होऊन किती लांब होणार? ऑकलंडवाले दादा, खरं आहे का हे?

ऑकलंडचा_नागपूरकर

ताई, अंतर कमी आहे पण पर्याय त्याहून कमी आहेत. मी वर ज्या ओरायन विमानांचं लिहिलं ती ऑकलंडजवळच्या व्हेनुआपाई तळावर होती. नवीन पोसायडन आली तेव्हा सगळं बिऱ्हाड ओहाकियाला हलवलं, तो तळ खाली मानावाटू भागात, गाडीने पाच-सहा तास. कागदावर एकदम बरोबर निर्णय असेल, मोठा रनवे, नवीन हँगर. पण ऑकलंडमध्ये ज्यांच्या बायको-नवऱ्याची चांगली नोकरी आहे, घराचा हप्ता चालू आहे, त्यांनी काय करायचं? तिकडे छोटी गावं, शेती, बायको आयटीत असेल तर अवघड. म्हणजे नवीन विमान आलं आणि त्याच्याबरोबर आपोआप एक चाळणी पण आली.

आमच्या प्लांटमध्ये एक जण आहे, नौदलात मरीन टेक्निशियन होता. त्याला एकदा विचारलं का सोडलंस, तर म्हणे समुद्राचा त्रास कधीच नव्हता, शेवटी शेवटी जहाज बंदरातच असायचं आणि तरी घरी जाता यायचं नाही, कारण दुसऱ्या जहाजाला माणूस कमी म्हणून तिकडे उसना पाठवायचे. आता शनिवारी मुलाच्या रग्बीला जातो. पगार म्हणे फार काही वाढलेला नाही.

जाता जाता फिजीचं पण बघून घे, तिथली पोरं १९६१ पासून ब्रिटिश आर्मीत जातात, आणि फिजीचं स्वतःचं सैन्य १९७८ पासून लेबनॉनमध्ये, नंतर सिनाईत शांतिसेनेचं काम करतं. त्या मिशनच्या जादा पैशावर घरं बांधली जातात. म्हणजे बाहेर जायचंच आहे तर आपल्याच गणवेशात जा, ही पण एक युक्तीच झाली.

सक्करदरा_बॉय

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पण बॉन्डचं कोणीच बोलून नाही राहिलं. शिकवायचा खर्च सरकारने केला, मग दहा-बारा वर्षं लिहून घ्यायचे, सोडायचं असेल तर पैसे भर. साधा उपाय आहे ना? आणि अग्निवीरचं पण सरांनी विचारलं तर काय सांगू?

हिशोबी_माणूस

बॉन्ड सगळीकडे थोडाफार असतोच भाऊ, पायलटला तर असतोच असतो. पण बॉन्डमध्ये माणूस तारीख मोजत बसतो. आणि दुसरं, बॉन्ड जितका लांब तितका दारात येणारा माणूस कमी. जिथे बेकारी आहे तिथे चालतो, आयर्लंडमध्ये ज्याला उद्या तीन ठिकाणी नोकरी मिळते तो कशाला बारा वर्षं लिहून देईल?

अग्निवीर म्हणजे बरोब्बर उलटा प्रश्न आहे. २०२२ ची योजना, चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के ठेवायचे आणि बाकीच्यांना निधी देऊन सोडायचं. आपण स्वतः ठरवून लोकं सोडू शकतो कारण मागे रांग आहे. लहान देशाला ही चैन परवडत नाही, तिथे चार वर्षं शिकवलेला माणूस सोडला तर पुढचा येईलच याची गॅरंटी नाही.

सार्जंट_काका

टेक्निकल ट्रेडमध्ये चार वर्षांत पोट्टा फक्त हत्यारं कोणत्या खणात ठेवायची ते नीट शिकते, एवढंच म्हणतो, जास्त बोलत नाई. कोणते २५ टक्के ठेवले यावर सगळं आहे.

आता उपाय विचारशील तं मले सिंगापूरचं पटते. तिथे दोन वर्षं सक्तीची सेवा सगळ्या पोरांले आहे, म्हणजे खालची माणसं भरपूर, पण दोन वर्षांत फिटर थोडी तयार होते. म्हणून त्यांनी तज्ज्ञांसाठी वेगळीच शिडी केली, मिलिटरी डोमेन एक्स्पर्ट म्हणतात, त्यांच्या रँका पण वेगळ्या, एमई वन ते एमई एट. हिच्यात काय आहे, की चांगला टेक्निशियन असशील तं प्रमोशनसाठी तुले हत्यार ठेवून ऑफिसात बसावं लागत नाई. आमच्याकडे काय व्हायचं, सगळ्यात चांगला हात ज्याचा, त्याले वॉरंट ऑफिसर केलं की तो ड्युटी रोस्टर बनवत बसते, रजिस्टर सांभाळते. एक हात कमी झाला अन् एक वैतागलेला कारकून वाढला. अन् त्यांच्याकडे हे तज्ज्ञ लोकं पलटणीतल्या साहेबांपेक्षा जास्त वयापर्यंत नोकरीत राहू शकतात. बरोबरच आहे, पन्नाशीतल्या माणसाले डोंगर चढता नाई आला तरी आवाजावरून इंजिन ओळखता येते.

ऑकलंडचा_नागपूरकर

एस्टोनिया पण टाक. लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास, २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला, बँका, सरकारी साइट, पेपर सगळं अडकलं. आता चांगला सायबरवाला सैन्याच्या पगारात येणार का? नाही येणार. मग त्यांनी त्याला नोकरीत ओढायचा हट्टच सोडला. त्यांची स्वयंसेवकांची डिफेन्स लीग आहे, तिच्यात सायबर युनिट काढलं, दिवसा तू बँकेत काम कर, पगार तिथला घे, आणि संध्याकाळी, वीकेंडला, गरज पडली की देशासाठी बस. म्हणजे टिकवणं म्हणजे पगारपत्रकावर ठेवणंच असं थोडी आहे. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपली नोकरी सांभाळून करायची अर्धवेळ फौज, आहेच की, सीताबर्डीच्या किल्ल्यात त्यांचीच बटालियन बसते.

हिशोबी_माणूस

कीबोर्ड घरून चालतो, जहाजाचं इंजिन घरून चालत नाही. एस्टोनिया हा सायबरचा उपाय आहे, काकांच्या लॉकिंग वायरचा नाही. दोन्ही एका स्लाइडवर टाकू नकोस.

त्रिमूर्तीनगर_ताई

आणि सोडून गेलेल्याला परत यायचा रस्ता ठेवा ना. पाच वर्षं बाहेर काम करून, मुलं मोठी झाल्यावर कित्येक जण परत येतील, पण परत आलात तर खालच्या रँकने सुरू करा म्हटलं की कोण येतो? माझ्या ओळखीत एक जण आहे, आजही विमानाचा आवाज आला की गच्चीत जातो बघायला. त्याला आठवड्यातून दोन दिवस नवीन मुलांना शिकवायला बोलावलं तर चालत जाईल.

सार्जंट_काका

ताई, तो मी तं नाई ना 😀 बोलावलं तं मी पण जाईन. सक्करदरा, एक काम कर. प्रत्येक देशाचं मंजूर पदं किती अन् भरलेली किती एवढंच दाखवू नको. भरलेल्यात नवीन किती अन् दहा वर्षांच्या वरचे किती ते शोध. शंभर जुने गेले अन् शंभर नवे आले तं आकडा तोच राहते, मंत्री खूश, अन् विमान खाली.

सक्करदरा_बॉय

हे भारी आहे काका, हीच मेन स्लाइड करतो. न्यूझीलंड, आयर्लंड, सिंगापूर फिक्स, एस्टोनिया वेगळं. नॉर्वे पण वाचलं होतं, २०१५ पासून मुलींनाही सक्तीची लष्करी सेवा, त्यातून आवडलेल्या पुढे राहतात वगैरे. टाकू का?

हिशोबी_माणूस

टाक, पण वेळ उरला तरच. त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, सर तिथेच पकडतील.